यहुदी व ख्रिस्ती शिकवणीत परक्याचे स्थान

नगरहून औरंगाबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे घोडेगाव हे नेवासे तालुक्यातील गाव घोडेश्वरी देवीमुळे आणि जनावरांच्या मोठ्या बाजारामुळे जिल्ह्याबाहेरही ओळखले जाते. या रस्त्याने थोडे पुढे गेले की वडाळा बहिरोबा लागते, जेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. त्याही पुढे प्रवरेच्या काठी नेवासे आहे, जेथे शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी गीतेवरील आपली टीका सांगितली. आणि शिंगणापूरच्या शनीकडे जाणारा रस्ता घोडेगावातच फुटतो. इतक्या लहान टापूत इतक्या निरनिराळ्या श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या असल्यामुळे, धर्म परक्याला काय देतो आणि काय नाकारतो, हा प्रश्न येथल्या माणसाला ग्रंथालयातून आणावा लागत नाही. यहुदी समाजाची वस्ती या भागात नाही हे खरे. परंतु त्यांचे मूळ धर्मग्रंथ ‘जुना करार’ या नावाने परिसरातील ख्रिस्ती घरांत मराठीतून वाचले जातात, आणि कोकणातल्या बेने इस्राएलांच्या रूपाने हा धर्म मराठी मुलुखात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कितीतरी आधीपासून रुजलेला आहे.

या दोन धर्मांच्या शिकवणीत सहिष्णुता आहे काय, असे विचारले की दोन तयार उत्तरे पुढे येतात. एक पक्ष शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा दाखवतो व प्रश्न मिटला असे मानतो. दुसरा पक्ष कनानी लोकांच्या संहाराचा हुकूम आणि धर्मन्यायालयांच्या चिता दाखवतो व तोही प्रश्न मिटला असेच मानतो. दोघांचेही आधार खरे आहेत, आणि म्हणूनच दोघांचेही उत्तर अपुरे आहे. या ग्रंथांत परक्याला जवळ करणारा आणि परक्याला दूर लोटणारा असे दोन्ही आवाज आरंभापासून आहेत. त्यांपैकी कोणता आवाज त्या त्या काळी ऐकला गेला, हे वाचणाऱ्याच्या हाती दंडसत्ता होती की नव्हती यावर फार मोठ्या प्रमाणात ठरले, असे मला वाटते. आणि मराठी भाषेच्या मुलुखात या विधानाची जितकी निकट परीक्षा घेता येते तितकी फार थोड्या ठिकाणी येत असेल.

प्रथम यहुदी शास्त्र पाहू. लेवीय या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे, ती सर्वश्रुत आहे. पण त्याच अध्यायात पुढे, आपल्या देशात राहणाऱ्या परक्यावरही तशीच प्रीती करावी, कारण तुम्हीही एके काळी मिसर देशात परके होता, असे जे सांगितले आहे, ते मला अधिक मोलाचे वाटते. शेजारी बहुधा आपल्यातलाच असतो. परका आपल्यातला नसतो, आणि त्याच्याशी न्यायाने वागण्याचे कारण म्हणून या ग्रंथाने तत्त्वज्ञान न सांगता स्वतःच्या गुलामीची आठवण पुढे ठेवली. परक्याला गांजू नये ही ताकीद तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, छत्तीस वेळा आली आहे, आणि काहींच्या मते सेहेचाळीस वेळा, असे तालमूद या भाष्यग्रंथाच्या कर्त्यांनीच मोजून ठेवले आहे. दावीद राजाची पणजी रूथ ही मवाबी, म्हणजे शत्रुराष्ट्रातली स्त्री. योना या संदेष्ट्याच्या कथेत देवाची दया निनवे या परक्या व दुष्ट म्हणून गाजलेल्या नगरावर होते आणि राग येतो तो खुद्द संदेष्ट्याला. आणि आमोस तर इस्राएलाला बजावतो की तुम्हाला जसे मिसरातून आणले तसे पलिष्ट्यांनाही त्यांच्या देशातून देवानेच आणले.

यरुशलेमच्या मंदिराचा विध्वंस होऊन राज्य गेल्यानंतरच्या शतकांत रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, या बीजाला जो आकार दिला, त्याकडे आपल्या वाचकांचे लक्ष क्वचितच जाते. मोक्षासाठी सर्वांनी यहुदीच व्हावे असा आग्रह त्यांनी धरला नाही. नोहाच्या वंशजांना, म्हणजे सर्व मानवजातीला, सात नियम पुरेत असे त्यांनी ठरवले, आणि परराष्ट्रीयांतील नीतिमानांनाही परलोकात वाटा आहे हे रब्बी यहोशवाचे मत पुढे मान्य झाले. गावातील गरिबांना अन्न देताना, आजाऱ्यांची विचारपूस करताना आणि मृतांना मूठमाती देताना ते यहुदी आहेत की नाहीत हे पाहू नये, कारण शांततेचा मार्ग तोच आहे, असाही दंडक त्यांनी घातला. आपसांतील मतभेदाविषयीची त्यांची वृत्ती तर याहूनही विलक्षण आहे. हिल्लेल आणि शम्माय या दोन आचार्यांच्या परंपरा वर्षानुवर्षे वाद घालीत राहिल्या. दोहोंची वचने जिवंत देवाचीच आहेत, परंतु आचार हिल्लेलच्या पक्षाप्रमाणे ठेवावा, असा निवाडा तालमूदमध्ये नोंदलेला आहे, आणि त्याचे कारण असे दिले आहे की हिल्लेलचे शिष्य नम्र होते व स्वतःचे मत मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे मत मांडीत असत. पराभूत पक्षाचे म्हणणे दफ्तरातून काढून न टाकता विजयी पक्षाच्या शेजारी जपून ठेवणारा धर्मग्रंथ जगात फार विरळा.

तथापि याच शास्त्राला कठोर बाजूही आहे. अनुवाद या ग्रंथातील कनानी लोकांच्या समूळ उच्छेदाची आज्ञा कोणत्याही अर्थवादाने पुरती धुऊन निघत नाही. ती राष्ट्रे आता ओळखता येत नाहीत म्हणून तो हुकूम लागू नाही, असा रब्बींनी काढलेला मार्ग व्यवहारापुरता हितकर असला तरी मूळ वचन तेथेच आहे. नोहाच्या सात नियमांतही मूर्तिपूजेचा निषेध आहेच. बाराव्या शतकातील मैमोनिदेस याने, ख्रिस्ती व इस्लामी धर्मांनी एकेश्वराचे नाव दूरदूर पोचवून मसीहाची वाट तयार केली, इतके औदार्य दाखवले. पण परराष्ट्रीयाने ते सात नियम ईश्वरी आज्ञा म्हणून पाळावे, केवळ बुद्धीला पटले म्हणून नव्हे, अशी अटही त्यानेच घातली, आणि ही अट अठराव्या शतकात मोझेस मेंडेलसोन याला बोचत राहिली. उलट तेराव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये मेनाखेम मेईरी या पंडिताने, जे लोक धर्माच्या मर्यादेने बांधलेले आहेत त्यांना प्राचीन मूर्तिपूजकांविषयीचे निर्बंध लागू नाहीत, असा निर्णय देऊन फार मोठी मजल मारली. राज्य नसले तरी बहिष्काराचे शस्त्र समाजाच्या हाती होते, आणि ते १६५६ मध्ये आम्स्टरडॅमला तरुण स्पिनोझावर किती निर्दयपणे चालले हे प्रसिद्धच आहे.

येशू स्वतः या परंपरेतूनच आला, हे ख्रिस्ती वाचक मान्य करतो पण पुष्कळदा विसरतो. ‘माझा शेजारी कोण’ या शास्त्र्याच्या प्रश्नाला त्याने जी कथा सांगून उत्तर दिले, तिच्यात याजक आणि लेवी जखमी माणसाला ओलांडून जातात व उचलतो तो शोमरोनी, म्हणजे ज्याच्याशी यहुद्यांचा रोटीव्यवहारही नव्हता असा पाखंडी. गहू आणि निदण यांच्या दृष्टांतात, निदण उपटू पाहणाऱ्या चाकरांना धनी थांबवतो, कारण गहूही उपटला जाईल, आणि निवाडा कापणीच्या दिवसावर सोपवतो. धर्ममत चुकीचे म्हणून कोणाचा जीव घेऊ नये असे चौथ्या शतकात योहान क्रिसोस्तोमने याच दृष्टांतावरून प्रतिपादिले. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र रोमी शतपती कर्नेल्याच्या घरी जातो व देव पक्षपाती नाही हे शिकतो. याच नव्या करारात तारणासाठी दुसरे नाव नाही असे निक्षून सांगणारी वचनेही आहेत, आणि मत्तय व योहान यांच्या शुभवर्तमानांत यहुद्यांविषयी असे कठोर उद्गार आहेत की पुढील शतकांत त्यांच्या आधारे निरपराध माणसांचे रक्त सांडले गेले.

चर्चच्या हाती सत्ता आल्यावर काय झाले, याचा इतिहास दीर्घ आणि दुःखद आहे. येथे त्याचे मोजकेच टप्पे पुरेत. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत, छळ सोसत असताना, टर्टुलियनने धर्मात सक्ती असूच नये असे रोमी अधिकाऱ्याला लिहिले. ३१३ मध्ये मोकळीक मिळाली, ३८० मध्ये ख्रिस्ती मत साम्राज्याचा राजधर्म झाले, आणि पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनसारख्या थोर आचार्याने मेजवानीच्या दृष्टांतातील पाहुण्यांना ‘आग्रहाने आत आणा’ या शब्दांतून पाखंड्यांवर बळजबरी करण्याचे समर्थन काढले. ग्रंथ तोच राहिला आणि वाचणारा मात्र शंभर वर्षांत बदलला, हे मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत शोचनीय स्थळ वाटते. पुढे १०९६ मध्ये ऱ्हाइनकाठच्या यहुद्यांची कत्तल झाली, १२१५ च्या धर्मपरिषदेने त्यांच्यावर वेगळ्या पोशाखाची सक्ती केली, १४९२ मध्ये स्पेनने त्यांना हद्दपार केले.

त्या हद्दपारीची लाट आपल्या किनाऱ्यापर्यंत आली. पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती केलेल्या घराण्यांतील गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यात राहून येथल्या वनस्पतींवरील आपला ग्रंथ १५६३ मध्ये छापतो, १५६८ मध्ये मरतो; दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला यहुदी धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात येते, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली जातात. १५६० मध्ये स्थापन झालेले गोव्याचे धर्मन्यायालय मधला अल्पकाळ सोडल्यास १८१२ पर्यंत चालले, आणि नवख्रिस्त्यांबरोबर हिंदू रयतही त्याच्या अमलाखाली भरडली गेली. ज्या मुलुखात हे घडत होते तेथेच थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट मराठी ओवीच्या लावण्यावर लुब्ध होऊन ‘क्रिस्तपुराण’ रचत होता. ते १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. भाषेवर असे मनःपूर्वक प्रेम करणारा धर्मगुरू आणि भाषिकांना शासन करणारे न्यायालय एकाच धर्मसंस्थेने पोसले. १६८४ मध्ये तर देशी भाषा मोडून काढण्याचे फर्मानच निघाले.

नगर जिल्ह्यातील कहाणी निराळी आहे. अमेरिकन मिशनरी १८३१ मध्ये नगरला आले ते इंग्रजी राज्याच्या आश्रयाने, हे नाकारता येणार नाही. पण त्यांच्यापाशी न्यायालय नव्हते, तुरुंग नव्हता, गावावर हुकूम चालवण्याची सनद नव्हती. जे काही साधायचे ते बोलून, शिकवून आणि सेवा करून साधायचे होते. आरंभी त्यांचे बोलणे मवाळ मुळीच नव्हते. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांत हिंदू देवतांवर केलेली टीका आजही खटकते. परंतु हेच मिशन वाद घालता घालता ऐकायलाही शिकत गेले. मिस फरार यांची नगरची मुलींची शाळा पाहून जोतिराव फुले यांनी पुण्यातली आपली शाळा काढली, आणि येशूचा एकांतिक तारणसिद्धान्त न स्वीकारताही त्याच्या शिकवणीतील समतेचे मोल त्यांनी आपल्या पद्धतीने जाणले. वडाळ्याला १८५७ पासून राहिलेल्या सॅम्युएल फेअरबँक यांच्या पिढीत, १८६० नंतर, ख्रिस्ती कीर्तन आकाराला आले: वीणा, टाळ, मृदंग, ओवी, अभंग सारे इथले, आणि आख्यान मात्र शुभवर्तमानातले. ज्या परंपरेला कालपर्यंत खोटी म्हटले तिच्याच आसनावर बसून बोलायचे तर तिच्याविषयीचा तिरस्कार फार काळ टिकत नाही.

या परिवर्तनाचा सर्वांत मोठा कसोटीचा प्रसंग रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्या आयुष्यात आला, आणि मराठी वाचकांना तो फारसा ठाऊक नाही याचे मला वाईट वाटते. मुंबईत जन्मलेले आणि १८७४ पासून नगरला काम करणारे ह्यूम १८८६ मध्ये रजेवर अमेरिकेत असताना अँडोव्हरच्या सभेत बोलले. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नावही आयुष्यात पडले नाही अशा माणसांना देव मृत्यूनंतरही संधी देईल, ही कल्पना त्यांना विचारार्ह वाटत होती. एवढ्यावरून मिशनच्या बोस्टनमधील वरिष्ठ मंडळाने त्यांची नगरला परतण्याची परवानगी रोखून धरली. मोठा वाद झाला आणि १८८७ मध्ये त्यांना परत येऊ देण्यात आले. दूर बोस्टनच्या कचेरीत बसून सारे हिंदू नरकात जाणार असे म्हणणे सोपे होते. ज्यांच्याबरोबर दुष्काळ काढला, ज्यांच्या घरचे मृत्यू पाहिले, त्यांच्याविषयी तेच वाक्य नगरमध्ये उच्चारणे अवघड होते. त्यांची ख्रिस्तनिष्ठा यत्किंचित उणी झाली नाही. शेजाऱ्याच्या सहवासाने त्यांचे देवाविषयीचे ज्ञान विस्तारले. पुढे १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत ख्रिस्ती व हिंदू विचारांचा मेळ कोठे बसतो यावर हेच ह्यूम बोलले.

त्याच नगरच्या मिशनात नारायण वामन टिळक आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडल्यासारखा झाला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरला आल्या तेव्हा त्यांचे सोवळे-ओवळे, त्यांची वेगळी चूल हे सारे टिळकांनी सांभाळले. आपण जिला सत्य मानतो ती गोष्ट प्रिय माणसाने अजून मानली नाही, आणि ती मानावी म्हणून तिच्यावर जबरी करायची नाही, हा संयम व्याख्यानपीठावरच्या सहिष्णुतेहून पुष्कळ कठीण असतो. बाई कालांतराने स्वतःच्या विचाराने जातिभेद टाकून मोकळ्या झाल्या आणि मगच ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सारे इतक्या सरळ मनाने सांगितले आहे की धर्मांतराविषयीच्या कोणत्याही चर्चेत ते पुस्तक प्रथम वाचावे. टिळकांनी स्वतः, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे मानले, आणि मराठी संतांच्या वाणीला जुन्या करारासारखे पूर्वपीठाचे स्थान दिले. १९१७ मध्ये मिशन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही जागा होती.

पंडिता रमाबाईंचा प्रसंग याच्याशी ताडून पाहावा. १८८९ मध्ये त्यांनी शारदासदन काढले ते धार्मिक तटस्थतेच्या आश्वासनावर. तेथील विधवा मुली त्यांच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक मुली घरच्यांनी काढून नेल्या. मुलींना मज्जाव न करणे ही तटस्थता की तिचा भंग, या प्रश्नावर दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. याच रमाबाईंनी इंग्लंडमधील आपल्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डीनशी, दीर्घ पत्रव्यवहारात वाद घातला, आणि आपली सद्सद्विवेकबुद्धी कोणत्याही चर्चच्या दावणीला बांधण्याचे नाकारले.

आता या कथेची गावाकडली बाजू. नेवासे-राहुरी-श्रीरामपूर भागात जे ख्रिस्ती झाले ते बहुतांशी महारवाड्यातले व मांगवाड्यातले होते. दुष्काळांच्या वर्षांत त्यांची संख्या वाढली, आणि अन्नासाठी धर्म बदलला असा ठपका त्यांच्यावर सहज ठेवण्यात आला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही त्यांनी भाकरीबरोबर मानही शोधला असेल, हे ठपका ठेवणाऱ्यांच्या ध्यानी आले नाही. आपल्या गावगाड्याची सर्वधर्मसमभावाविषयी जी ख्याती आहे ती खरी आहे, पण ती वेशीच्या आतली आहे. आणि चर्चमध्ये गेल्यावरही जात सुटली नाही. एका प्रभूच्या मेजाभोवती बसणाऱ्यांत महार ख्रिस्ती व मांग ख्रिस्ती हा भेद सोयरिकीच्या वेळी डोके वर काढतो. परधर्मीयाशी गोडीने वागणे आणि स्वधर्मातल्या खालच्याला बरोबरीने वागवणे या दोन निराळ्या कसोट्या आहेत.

बेने इस्राएलांच्या इतिहासात याच दोन कसोट्या अधिक स्पष्ट दिसतात. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, असे ते मानतात. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गावांवरून पेणकर, दिवेकर, केहिमकर अशी आडनावे, मराठी बोली, एलिया संदेष्ट्याच्या नावाने पोह्यांचा मलिदा. मूर्तिपूजकांच्या ऐन मध्यावर राहून त्यांनी शेजाऱ्याच्या देवाचा न्यायनिवाडा केला नाही आणि स्वतःचा सब्बाथ मोडला नाही. मेईरीचे नावही न ऐकता त्यांनी मेईरीचा निर्णय आचरला. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले, त्याचे नाव ‘दयेचे द्वार’. ख्रिस्ती मिशनऱ्यांशी त्यांचे नाते तर इतिहासात अपूर्व ठरावे: जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले, बेने इस्राएलांची मुले मिशनच्या शाळांत शिकली, आणि ख्रिस्ती होण्याऐवजी स्वतःच्या धर्मग्रंथांचे चांगले जाणकार झाली. गोव्यात ज्या दोन धर्मांची गाठ चितेपाशी पडली होती, त्यांची मुंबईत व कोकणात शाळेच्या फळ्यापाशी पडली. १८८० च्या सुमारास बेने इस्राएलांनीही अब्राहाम, योसेफ यांच्या आख्यानांची मराठी कीर्तने सुरू केली.

परंतु याच समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्राएल असा भेद होता, आणि मिश्र विवाहाच्या संततीला प्रार्थनामंदिरातही दुय्यम लेखले जाई. पुढे हाच न्याय त्यांच्या वाट्याला आला. इस्राएलमध्ये गेल्यावर तेथील रब्बींच्या वरिष्ठ मंडळाने १९६२ मध्ये, बेने इस्राएलांशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची पिढ्यान्‌पिढ्या चौकशी करावी, असा आदेश काढला. ज्यांना येथल्या हिंदूंनी, मुसलमानांनी, ख्रिस्त्यांनी यहुदी म्हणून निःशंक ओळखले, त्यांचे यहुदीपण यहुदी राज्यात संशयित ठरले. उपोषणे झाली, निदर्शने झाली, आणि १९६४ च्या ऑगस्टात इस्राएलच्या संसदेने हे सर्वार्थाने यहुदीच आहेत असा निर्वाळा दिल्यावर रब्बींना आदेशातून त्यांचे नाव वगळावे लागले. रब्बींच्या शास्त्राने राज्यहीन असताना हिल्लेल-शम्मायचा वाद पोटात घेतला होता. राज्याचे विवाहदफ्तर हाती येताच त्याची वृत्ती आखडली.

कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेने, ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष यहुदी जातीवर ठेवण्याचे थांबवले व इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते आपण अव्हेरत नाही असे सांगितले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क मानला. हे फार उशिरा झाले, आणि युरोपातील साठ लाख यहुद्यांच्या संहारानंतर झाले, तरी त्याचे मोल कमी नाही. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, तेथे ख्रिस्त्यांबरोबर हिंदूही नवस फेडायला येतात. त्यांना त्या घोषणेची वाट पाहावी लागली नव्हती.

आज या भागातील ख्रिस्ती शिकवणीत दोन्ही सूर ऐकू येतात. जुन्या मराठी मंडळ्यांत टिळकांचे अभंग गायिले जातात आणि शेजाऱ्याच्या सणाचा फराळ घरात घेतला जातो. काही नव्या प्रार्थनासभांतून मात्र इतरांच्या देवांना सैतानाची रूपे ठरवणारी भाषा येते, आणि ती ह्यूम यांच्या पूर्वीच्या काळात परत नेते असे मी स्पष्टपणे म्हणेन. दुसऱ्या बाजूने, प्रार्थनेला जमलेल्या गरीब माणसांकडे केवळ धर्मांतराच्या संशयाने पाहिले जाते. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्मप्रसाराचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये त्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही असा अर्थ लावला. आणि १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आहेच, ज्याने अनुसूचित जातीच्या सवलती आरंभी हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये त्या शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्त्यांना मिळाल्या नाहीत. नगर जिल्ह्यात एकाच आजोबाची नातवंडे कोणी बौद्ध, कोणी ख्रिस्ती, कोणी कागदोपत्री हिंदू अशी आढळतात, वाडा एक आणि दाखले निराळे. रविवारी प्रार्थनामंदिरात जाणाऱ्या नातवाला मामलेदार कचेरीत आपला धर्म कोणता लिहावा याचा विचार करावा लागतो, आणि त्याच्या या अडचणीला या आढाव्यातील कोणत्याही धर्मशास्त्राने अजून उत्तर दिलेले नाही.